नवी पवनचक्की उभी करायच्या आधी गावाचा हिस्सा लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पवनऊर्जेवर हल्ली पेपरात बरंच छापून येतंय. 2025 च्या मार्चअखेर देशाने 50,000 मेगावॅटचा टप्पा ओलांडला, चीन, अमेरिका आणि जर्मनीनंतर जगात आपला नंबर लागतो, 2030 पर्यंत हाच आकडा 1 लाख मेगावॅटच्या आसपास न्यायचाय, वगैरे. हे सगळं खरंय आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातला, पठाराच्या कडेला राहणारा माणूस, लहानपणापासून या चक्क्या बघत आलोय, आणि या सगळ्या बातम्यांत एक गोष्ट मला कुठंच सापडत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. ज्या गावांच्या डोक्यावर या चक्क्या फिरतात त्या गावांना त्या विजेतून वर्षाला काय मिळतं? माझी मागणी एकच आहे, तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे ठरलेला हिस्सा गावाला कायद्याने मिळाला पाहिजे, आणि जुन्या पठारांवरची मशीन बदलायची वेळ आता आलीच आहे तर ते याच वेळी ठरलं पाहिजे. पत्र मोठं झालंय पण जमलं तर पूर्ण छापा.

आधी हे स्पष्ट सांगतो की मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. उलट देशाला याची किती गरज आहे ते मला चांगलं कळतं. आजही आपली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशातूनच येते आणि वाऱ्याची वीज एकूण विजेच्या जेमतेम पाच टक्के भरते. सोलर झपाट्याने वाढलं, स्वस्तही झालं, पण संध्याकाळी सहा-सात वाजता सोलर झोपतं आणि नेमकं तेव्हाच घराघरात दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी चालू होतात. त्यात पावसाळ्यात ढग असले की दिवसाही सोलर कमी. वारा बरोब्बर उलटा चालतो, वर्षभराच्या वाऱ्याच्या विजेतला मोठा भाग मे ते सप्टेंबर याच महिन्यांत तयार होतो आणि संध्याकाळी-रात्रीसुद्धा होतो. म्हणजे ज्या दिवसांत कोळशाच्या खाणीत पाणी भरतं आणि सोलर मंद होतं त्या दिवसांत वारा जोरात असतो. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या देशात ही जोडी जमली तरच रात्रीची लाईट कोळशाशिवाय चालेल, दुसरा स्वस्त मार्ग आत्ता तरी दिसत नाही.

आता थोडं मागं जातो, कारण गावाला काही का मिळालं नाही ते इतिहासातच आहे. देशातल्या पहिल्या पवनचक्क्या 1986 साली लागल्या, गुजरातेत ओख्याला, तमिळनाडूत तुतीकोरिनला आणि आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर, 55 किलोवॅटची छोटी छोटी मशीन होती ती. वारा इथं चालतो का हे बघण्यासाठी सरकारने केलेला प्रयोग होता. खरी वाढ नव्वदच्या दशकात झाली आणि ती झाली टॅक्समुळे. पवनचक्की घेतली की तिच्या किमतीचा घसारा, म्हणजे मशीन झिजतं म्हणून टॅक्सच्या हिशोबात उत्पन्नातून वजा होणारी रक्कम, पहिल्याच वर्षी शंभर टक्के दाखवता यायचा, पुढे तो 80 टक्के झाला आणि 2017 पासून 40 टक्क्यांवर आणला. त्यामुळे झालं काय की ज्यांना टॅक्स वाचवायचा होता त्यांनी चक्क्या घेतल्या. कापडगिरणीवाले, साखर कारखानदार, सोन्याचांदीचे व्यापारी, बिल्डर. एकेकाची एक नाहीतर दोन मशीन. मालक मुंबईला किंवा सुरतेला, देखभाल दुसऱ्याच कंपनीकडे आणि टॉवर आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. मशीन किती वीज देतं यापेक्षा ते 31 मार्चच्या आत उभं राहतं का याला जास्त महत्त्व, कारण फायदा उभारणीवर होता, युनिटवर नव्हता.

युनिटवर फायदा पहिल्यांदा आला 2009 ला, केंद्राने वाऱ्याच्या विजेला युनिटमागे 50 पैसे प्रोत्साहन द्यायला सुरुवात केली आणि 2017 पर्यंत ते चाललं. हे 50 पैसे लक्षात ठेवा, मी परत त्यावर येणार आहे.

तमिळनाडू यात सगळ्यांच्या पुढे होतं. तिथं सह्याद्रीला मोठमोठ्या खिंडी आहेत, पालघाट, शेनकोट्टा, आणि खाली कन्याकुमारीजवळ आरलवाईमोळी. नैऋत्य मोसमी वारा त्या खिंडीत शिरला की त्याचा जोर वाढतो, म्हणून मुप्पंदल परिसरात चक्क्यांची एवढी दाटी आहे. तिथल्या कोइमतूर-तिरुपूरच्या सूतगिरण्यांनी आपल्या विजेसाठी चक्क्या लावल्या, म्हणजे वीज बनवणारा आणि वापरणारा एकच. आता गुजरातने तमिळनाडूला मागे टाकलंय, 2025 च्या मार्चअखेर गुजरात 12,000 मेगावॅटच्या वर, तमिळनाडू 11,000 च्या वर, कर्नाटक 7,000 च्या वर आणि आपण 5,000 च्या थोडं पुढं. सुरुवात आपण बरोबरीने केली होती, मोठ्या पवनचक्की कंपनीचं मुख्यालयसुद्धा पुण्यात आहे, वंकुसवडे आणि चाळकेवाडीची पठारं एकेकाळी देशभर गाजलेली, धुळ्याचं ब्राह्मणवेल, सांगलीचं ढालगाव, नगरचा कवड्या डोंगर, सगळीकडे चक्क्या लागल्या. आणि मग आपण थांबलो.

का थांबलो त्याची कारणं बरीच आहेत. 2017 ला लिलाव पद्धत आली, आधी राज्याचा वीज नियामक आयोग दर ठरवून द्यायचा, आता जो कमी दर बोलेल त्याला काम. फेब्रुवारी 2017 च्या पहिल्या लिलावात दर 3 रुपये 46 पैशांवर आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात थेट 2 रुपये 43 पैसे. ग्राहकाला बरं, पण एवढ्या कमी दरात फक्त कच्छ किंवा तमिळनाडूच्या सगळ्यात चांगल्या जागाच परवडायला लागल्या, 2016-17 मध्ये देशात साडेपाच हजार मेगावॅटची भर पडली होती ती पुढच्या वर्षी अठराशेच्याही आत आली. आता दर परत साडेतीन-चार रुपयांकडे आलेत, वाढीला जोर आलाय, 2024-25 मध्ये चार हजार मेगावॅटच्या वर भर पडली, आणि म्हणूनच कंपन्या पुन्हा महाराष्ट्राकडे वळल्यात. बीड, धाराशिव, लातूर, सांगलीचा जत भाग, सगळीकडे जमिनी बघणं चालूय.

इथं जरा थांबून सांगतो की आमच्याकडे जमिनी गेल्या तेव्हा काय झालं. सडा म्हणजे कातळ, वर पेरलं तर नाचणी, वरी, नाहीतर गुरांचं गवत. त्याला भाव असा नव्हताच. एजंट आले, गावातलाच एखादा हाताशी धरला, सातबारावर दहा-बारा नावं असायची, निम्मे लोक मुंबईला माथाडी कामात नाहीतर गिरणीत, ज्याची सही मिळाली त्याच्याकडून कागद करून घेतले. एकरकमी पैसे मिळाले, त्यात कुणाचं लग्न निघालं, कुणाच्या घराचा पत्रा झाला, आणि विषय संपला. ज्या जमिनीवरून वीस-पंचवीस वर्षं वीज विकली गेली त्या जमिनीच्या मूळ मालकाला त्या विकलेल्या विजेतला एक रुपयासुद्धा नाही. गावातल्या चार-सहा पोरांना वॉचमनची नोकरी लागली, तीही ठेकेदाराकडे. आमच्या ग्रामपंचायतीचा कर एका कंपनीकडे वर्षानुवर्षं थकला होता, दरवर्षी नोटीस जायची, उत्तर यायचं की मशीनचा मालक वेगळा आणि आम्ही फक्त देखभाल करतो, मग मालकाचा पत्ता शोधा, त्याला रजिस्टर पत्र पाठवा, ते परत येणार. ग्रामसेवक तरी किती करणार.

आणि हे काही पहिल्यांदा घडलं नाही. हाच तालुका कोयना धरणासाठी उठला. कोयनेची वीज 1,960 मेगावॅट, राज्याची भाग्यरेषा म्हणतात तिला, आणि त्या धरणात ज्यांची गावं गेली त्यांची नातवंडं अजून जमिनीसाठी मोर्चे काढतायत. म्हणून आमच्याकडे वीज प्रकल्प म्हटलं की माणूस आधी विचारतो, आमचं काय. यात कुणाला आडमुठेपणा वाटत असेल तर त्यांनी एकदा धरणग्रस्तांच्या वसाहतीत जाऊन यावं.

दहा-वीस वर्षांपूर्वी एक समज फार पसरला होता, अजूनही काही ठिकाणी आहे, की पवनचक्क्यांमुळे ढग पळतात आणि पाऊस पडत नाही. सातारा, सांगली, धुळे, तिन्ही जिल्ह्यांत लोक हे तावातावाने बोलायचे. हे खरं नाही. पावसाचे ढग चक्कीच्या पात्याच्या कितीतरी वर असतात, त्यांना पळवायची ताकद त्या पात्यात नाही. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्याच्या जवळच्याच पठारावर शेकड्याने चक्क्या उभ्या आहेत. माण-खटावला पाऊस कमी पडतो कारण ते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा राज्यात एकही पवनचक्की नव्हती. पण मला वाटतं हा समज रुजला त्याला कारण होतं. डोक्यावर रात्रंदिवस मोठ्ठं यंत्र फिरतंय, त्याचे पैसे कुठं जातात माहीत नाही, आपल्या घरात मात्र भारनियमन चालू आहे, अशा वेळी माणूस त्या यंत्राबद्दल वाईटच विचार करणार. ज्या गावाला चक्कीतून दरवर्षी पैसे आले असते त्या गावात हा समज टिकला नसता असं माझं ठाम मत आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आमच्या पठारांवरची मशीन जुनी झालीत. साडेतीनशे किलोवॅटच्या आसपासची मशीन, टॉवर पन्नास-साठ मीटरचे. काहींच्या पांढऱ्या टॉवरवरून गिअरबॉक्सचं तेल गळून काळे ओघळ आलेत, काहींची पाती वर्षानुवर्षं एकाच जागी उभी आहेत, पावसाळ्यात वारा उभं राहू देत नाही एवढा असतो आणि शेजारी तीन चालू एक बंद असं चित्र दिसतं. ज्यांचे वीज खरेदी करार संपले त्यांना पुढे पूर्वीचा दर मिळत नाही, मग दुरुस्तीवर खर्च कोण करणार. म्हणजे राज्यातली सगळ्यात चांगली वाऱ्याची जागा सगळ्यात कमजोर मशीनने अडवून ठेवलीय.

यात किती नुकसान आहे ते समजायला थोडं गणित बघा. वाऱ्याचा वेग थोडासा वाढला तरी वीज खूप वाढते, वेग दीडपट झाला तर वाऱ्यातली ताकद तिपटीच्या वर जाते. उंचावर वारा जास्त आणि सलग असतो, आणि पात्याची लांबी दुप्पट केली तर चौपट वारा पकडला जातो. म्हणून आता 140-160 मीटरचे टॉवर आणि तीन मेगावॅटच्या वरची मशीन येतायत. जुनं 350 किलोवॅटचं मशीन वर्षाला ढोबळमानाने पाच लाख युनिट देत असेल तर तीन मेगावॅटचं नवीन मशीन चांगल्या जागी 75 ते 80 लाख युनिट देऊ शकतं. एक नवीन चक्की पंधरा जुन्यांचं काम करते. पंधरा टॉवर उतरवून एक उभा करायचा, चौदा जागा मोकळ्या, आणि वीज तेवढीच. किंवा पाच-सहा उभे करा आणि वीज कितीतरी पट.

केंद्राने यासाठी 2016 ला धोरण आणलं, रीपॉवरिंग म्हणतात त्याला, 2023 च्या डिसेंबरात ते सुधारलं. देशभर अशा जुन्या चक्क्या बदलायला 25,000 मेगावॅटच्या आसपास वाव आहे असा सरकारी अंदाज आहे. तमिळनाडूने 2024 मध्ये स्वतःचं वेगळं धोरण काढलं. पण प्रत्यक्षात काम फार कमी झालंय कारण अडचणी जमिनीवरच्या आहेत. एका पठारावर पन्नास मालक, नवीन चक्क्यांमध्ये सातशे मीटरच्या आसपास अंतर लागतं म्हणजे माझी चक्की तुझ्या जागेत आणि तुझी कुणाच्याच जागेत नाही, जुन्या लाईनची क्षमता कमी, आणि सत्तर-ऐंशी मीटरचं एक अखंड पातं घेऊन ट्रेलर घाटातून वर न्यायचा तर वळणं रुंद करायला लागतात, म्हणजे परत लोकांच्या जमिनी. या प्रत्येक ठिकाणी गावाची सही लागणार आहे. पहिल्या वेळेला लागली होती त्यापेक्षा जास्त लागणार आहे. आणि यावेळी गावात मोबाईल आहे, शिकलेली पोरं आहेत, एजंटच्या कागदावर डोळे झाकून सही होणार नाही.

म्हणून म्हणतो की हिस्सा ठरवा. हे काही जगावेगळं नाही, बाकीच्या विजेत ही पद्धत आहेच. जलविद्युत प्रकल्पात ज्या राज्यात प्रकल्प आहे त्याला 12 टक्के वीज मोफत मिळते आणि 2008 च्या धोरणात स्थानिक भागाच्या विकासासाठी आणखी 1 टक्का धरलाय. कोळसा काय किंवा दुसरं खनिज काय, 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणवाला सरकारला जी रॉयल्टी देतो तिच्या प्रमाणात वेगळी रक्कम त्या जिल्ह्यातल्या बाधित गावांसाठी भरतो. चंद्रपूरला त्यातून कामं होतात. कोळसा काढला तर गावाला पैसे, पाणी अडवलं तर पैसे, आणि वाऱ्यातून वीज काढली तर काही नाही, असं का? वारा कुणाच्या मालकीचा नाही हे मला माहितीय, पण तो जिथं चांगला वाहतो ती जागा, तो रस्ता, ती लाईन ज्या शेतातून जाते ते शेत, हे सगळं कुणाच्या तरी मालकीचं आहे ना.

किती हिस्सा? मी तज्ञ नाही पण हिशोब करून बघितला. युनिटमागे 10 पैसे धरा. तीन मेगावॅटच्या एका मशीनमागे वर्षाला साडेसात-आठ लाख रुपये होतात. एका पठारावर वीस नवीन मशीन आली तर दीड कोटीच्या वर, दरवर्षी, पंचवीस वर्षं. आसपासच्या पाच-सहा ग्रामपंचायतींत वाटले तरी प्रत्येकीचं चित्र बदलेल, पाण्याची योजना चालवायला लाईट बिलाचे पैसे नाहीत म्हणून पंप बंद हे तरी थांबेल. कंपनीला हे जड आहे का? विजेचा दर साडेतीन-चार रुपये असताना 10 पैसे म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. सरकारने कंपन्यांना युनिटमागे 50 पैसे दिलेच होते ना 2009 ला, मग त्याचा पाचवा भाग गावाला द्यायला हरकत काय. आणि लिलावात सगळ्यांना एकच नियम असेल तर सगळेच तो धरून दर बोलतील, कुणी मागे पडणार नाही. ग्राहकाचं म्हणाल तर एकूण विजेत वारा पाच टक्के, म्हणजे सरासरी युनिटवर अर्धा पैसा.

पैसे ग्रामसभेच्या खात्यात थेट आले पाहिजेत, मीटरच्या रीडिंगवर. आणि दर महिन्याचं रीडिंग चावडीवर लागलं पाहिजे, कुठल्या मशीनने किती युनिट दिले, किती पैसे आले. हे उघड्यावर असणं किती गरजेचं आहे ते बीडकडे बघितल्यावर कळतं. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 ला हत्या झाली, आणि पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी ती जोडलेली आहे असं तपास यंत्रणेचं आरोपपत्र सांगतं. खटला कोर्टात आहे, त्यावर जास्त बोलत नाही. पण एका सरपंचाचा जीव गेला, महाराष्ट्र हादरला, आणि तरीही त्यानंतर चर्चा फक्त गुंडगिरीची झाली. गावात प्रकल्प येतो तेव्हा पैसा कायदेशीर वाटेने गावाकडे येत नसेल तर तो कुठल्या तरी दुसऱ्या वाटेने फिरतो आणि त्या वाटेवर दादागिरीवाले उभे असतात, हा भाग कुणी बोललंच नाही. गुन्हेगारांना शिक्षा झालीच पाहिजे, कडक झाली पाहिजे. पण त्याबरोबर कंपनी, शेतकरी आणि ग्रामपंचायत यांच्यातला व्यवहार उजेडात आणणारा नियमही पाहिजे.

मराठवाड्यातले शेतकरी मावेज्यासाठी, म्हणजे नुकसानभरपाईसाठी, भांडतायत त्याबद्दलही सांगायला पाहिजे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जून 2024 ला मोठ्या पारेषण लाईनसाठी नियम सुधारले, टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के. चांगला नियम आहे. पण पवनचक्कीपासून पूलिंग सबस्टेशनपर्यंत, म्हणजे सगळ्या चक्क्यांची वीज जिथं गोळा होते तिथपर्यंत, जी 33 केव्हीची लाईन जाते ती यात आपोआप बसत नाही, आणि शेतकऱ्याचं भांडण नेमकं याच लाईनवरून होतं. खांब उसात उभा राहिला, सोयाबीन तुडवलं, क्रेनसाठी बांध फोडला, आणि प्रत्येकाला वेगळा रेट. शेजारच्याला जास्त मिळाले हे कळलं की दुसऱ्या दिवशी काम बंद. राज्य सरकारने या लाईनला लिखित दर ठरवून दिला तर निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

निसर्गाचा मुद्दा सोडला तर पत्र अर्धवट राहील. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी अभ्यास केला होता, 2018 ला तो प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी चक्क्या नसलेल्या भागाच्या जवळपास चौथाईच राहिलेत, आणि त्यामुळे सरड्यांची संख्या वाढलीय. उन्हाळ्यात पठारावर गेलात तर तुम्हालाही दिसतील, दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतात ते सरडे, नर एकमेकांना दाखवतात. बघायला फार सुंदर, पण ते जास्त झालेत कारण त्यांना खाणारं वर कुणी उरलं नाही, आणि अभ्यासात असंही दिसलं की ते बारीक झालेत आणि माणूस जवळ आला तरी लवकर पळत नाहीत. राजस्थान-कच्छमध्ये माळढोक पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतात म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2021 ला तारा जमिनीखाली घालायचा आदेश आला, नंतर 2024 मध्ये कोर्टाने तज्ञांची समिती नेमली. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळढोकची काय अवस्था आहे ते सोलापूरकर सांगतील. म्हणून तर मी म्हणतोय की नवीन डोंगर फोडायच्या आधी जुनी पठारं वापरा, तिथं रस्ते झालेत, लाईन झालीय, जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलंय. पंधरा टॉवर उतरून एक राहिला तर गवताला आणि पाखरांना पण जागा मिळेल. जी मशीन कोयना अभयारण्याला, व्याघ्र प्रकल्पाला चिकटून आहेत ती मात्र परत उभी करूच नका, ती जागा जंगलाला सोडा. आणि उतरवलेली फायबरची पाती पठारावर टाकून जायचं नाही, टॉवरचा पाया उकरून जमीन सारखी करून द्यायची, हे करारात पहिल्या पानावर पाहिजे आणि त्याची अनामत रक्कम आधी भरून घेतली पाहिजे. कंपनी बुडाली, मालक गायब, आणि टॉवर गंजत उभा, हे परत व्हायला नको.

पोरांच्या नोकरीचा विषय कुणी काढत नाही म्हणून एवढं लिहितो. पाटण, सातारा, साक्री, जत इथल्या आयटीआयमध्ये पवनचक्की टेक्निशियनचा कोर्स चालू करायला काय हरकत आहे? टॉवरच्या आतल्या शिडीने कमरेला बेल्ट लावून वर चढायचं, वरच्या डब्यात वंगण, बोल्ट, सेन्सर बघायचे, कंट्रोलर वाचायचा, हे काम बाहेरच्या राज्यातून येऊन पोरं करतात आणि आमची पोरं गेटवर बसतात. मशीन बदलणार असतील तर पुढची पंचवीस वर्षं हे काम आहे, त्याची तयारी आत्ता केली तरच उपयोग.

गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात पण आता चक्क्या येणार आहेत, केंद्राने 2024 ला त्यासाठी 7,453 कोटींची मदत मंजूर केलीय, दोन्हीकडे 500-500 मेगावॅट. होऊ द्या, चांगलंच आहे. पण ती वीज महाग पडणार आणि वेळ लागणार. त्याच्या आधी जमिनीवरची जुनी जागा नीट वापरणं स्वस्तात होतं आणि ते आपल्या हातात आहे.

शेवटी आपल्या पेपरला एक विनंती. राज्यात महाऊर्जा ही सरकारी संस्था या गोष्टी बघते. तालुकावार यादी त्यांच्याकडून मागून घ्या आणि छापा, कुठल्या गावच्या हद्दीत किती पवनचक्क्या आहेत, किती चालू, किती बंद, कुणाचा करार कधी संपला आणि ग्रामपंचायतीचा कर कुणाकडे किती थकलाय. आमच्यासारख्या गावांनी ही माहिती मागितली की एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवतात, तुम्ही मागितली तर मिळेल. ती यादी हातात आली की पाटण आणि सातारा तालुक्यातल्या पठारावरच्या ग्रामपंचायती एकत्र बसून युनिटमागच्या हिश्श्याचा ठराव करतील, त्यासाठी दोन-तीन सरपंचांशी माझं बोलणं झालंय आणि त्यांची तयारी आहे.

आपला नम्र,
एक वाचक
ता. पाटण, जि. सातारा